पावणेदोन मिनिटांचं अंतर

समुद्रावर पृथ्वीची गोलाई ही भूगोलाच्या पुस्तकातली गोष्ट राहत नाही. लांबून येणाऱ्या गलबताचं शीड आधी दिसतं आणि अंग मागाहून, हे आपल्या कोकणातल्या तांडेलांना कुणी शिकवावं लागलं नाही. रडारलाही हाच नियम लागू आहे. त्याच्या लहरी क्षितिजापाशी किंचित वाकतात, पण थोड्याच. समजा, पाण्यापासून पंचवीस मीटर उंचीवर रडार बसवलंय आणि समोरून एक क्षेपणास्त्र लाटांच्या वर जेमतेम पाच मीटरवरून येतंय. ते रडारला पहिल्यांदा दिसू शकेल ते साधारण ३० किलोमीटरवर आल्यावर. ध्वनीच्या वेगाहून थोडं कमी, म्हणजे सेकंदाला २८० मीटर वेगानं ते येत असेल, तर भागाकाराचं उत्तर १०७ सेकंद येतं. पावणेदोन मिनिटं. क्षेपणास्त्र ध्वनीच्या अडीचपट वेगाचं असेल, तर पस्तीस सेकंद.

एवढ्या वेळात ते दिसलं पाहिजे, तो लाटेचा किंवा पक्ष्यांच्या थव्याचा भास नाही याची खात्री झाली पाहिजे, ते आपलं की परकं हे ठरलं पाहिजे, कुणीतरी हुकूम दिला पाहिजे, उलट क्षेपणास्त्र सुटून बऱ्यापैकी दूर गाठ पडली पाहिजे आणि नेम चुकला तर दुसऱ्या प्रयत्नाला सवड उरली पाहिजे. या पावणेदोन मिनिटांभोवती अख्खं जहाज बांधलेलं मी पाहिलं आहे.

डच नौदलाकडे अशी चार जहाजं आहेत: 'दे झेव्हेन प्रोव्हिन्सिएन', 'ट्रोम्प', 'दे राउटर' आणि 'एव्हर्टसेन'. २००२ ते २००५ या काळात दर वर्षी एक, अशी ती नौदलात दाखल झाली. इथे त्यांना 'एलसीएफ' म्हणतात, म्हणजे हवाई संरक्षणाची आणि ताफ्याचं नेतृत्व करणारी फ्रिगेट (मध्यम आकाराची युद्धनौका). लांबी १४४ मीटर, वजन सहा हजार टनांच्या वर, वेग तीस नॉटच्या आसपास, आणि माणसं दोनशेच्या घरात. चारही फ्लिसिंगेनच्या गोदीत बांधली गेली. १६०७ साली मिखिल दे राउटर जन्मला तो याच गावात. पोरवयात तो तिथल्या दोरखंडाच्या कारखान्यात चाक फिरवायचा, पुढे डच आरमाराचा सर्वांत मोठा सेनानी झाला. त्याच्या नावाचं जहाज त्याच्याच गावच्या पाण्यात उतरावं, हे मला फार आवडतं.

मी नेदरलँड्समध्ये राहायला आलो तेव्हा या देशाच्या आरमाराविषयी मला ठाऊक होतं ते वेंगुर्ल्यामुळे. तिथे वलंदेजांच्या, म्हणजे डचांच्या, वखारीचे अवशेष आहेत. १६३७ साली त्यांनी ती वखार घातली आणि गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करणाऱ्या जहाजांना रसद पुरवायला तिचा उपयोग केला. लहानपणी त्या पडक्या भिंतींपाशी उभं राहून इतक्या दूरचा, इतका लहान देश इथवर कसा पोचला असेल, असं वाटायचं. तेच कुतूहल मला पुढे डेन हेल्डरला घेऊन गेलं. देशाच्या उत्तर टोकाचं हे नौदलाचं बंदर. नौदलाच्या उत्सवात तिथली जहाजं लोकांसाठी खुली असतात, आजीआजोबा नातवंडांना घेऊन शिड्या चढत असतात.

धक्क्यावरून पाहिलं की पहिल्यांदा शस्त्रं दिसतच नाहीत. पुढे १२७ मिलिमीटरची एक तोफ आहे, ती नजरेत भरते. या वर्गावरच्या मूळच्या तोफा कॅनडाच्या जुन्या विनाशिकांवरून आलेल्या, दुरुस्त करून बसवलेल्या. काटकसर हा डच स्वभावच आहे. पण डोळे खिळतात ते मधल्या उंच, तिरक्या भिंतींच्या मनोऱ्यावर आणि मागच्या बाजूला फिरणाऱ्या प्रचंड काळ्या पट्टीवर. जहाजाचं खरं अंग ते आहे. बाकी सगळं त्याच्या मागे चालतं.

मागची काळी पट्टी म्हणजे 'स्मार्ट-एल' रडार. आठ मीटरहून रुंद. मिनिटाला बारा फेऱ्या, म्हणजे पाच सेकंदांत एकदा सगळं आकाश पाहून होतं. विमानांसाठी त्याची नजर ४०० किलोमीटरपर्यंत जाते. डिसेंबर २००६ मध्ये 'ट्रोम्प' अमेरिकेच्या हवाई बेटांजवळच्या समुद्रात गेली होती. थोड्या फेरफारांनंतर हेच रडार वातावरणाबाहेर जाणारं बॅलिस्टिक क्षेपणास्त्र टिपू शकतं का, हे तिथे पाहिलं गेलं, आणि त्यानं ते टिपलं. नंतर त्याची सुधारित आवृत्ती आली. मे २०२१ मध्ये स्कॉटलंडजवळच्या सरावात 'दे झेव्हेन प्रोव्हिन्सिएन'नं असंच एक लक्ष्य लांबून पकडलं, त्याची माहिती अमेरिकन विनाशिकेला पुरवली आणि त्या विनाशिकेनं क्षेपणास्त्र सोडून ते अवकाशात उडवलं. एकानं पाहायचं, दुसऱ्यानं मारायचं.

पण मला जास्त मोह पडला तो मनोऱ्यातल्या 'अपार' रडारचा. ते फिरत नाही. मनोऱ्याच्या चार बाजूंना चार सपाट चेहरे, आणि प्रत्येकात ३,४२४ बारीक घटक. प्रत्येक घटक स्वतंत्रपणे लहर सोडतो आणि ऐकतो. त्यांच्या लहरींची वेळ कणाकणानं मागेपुढे केली की शलाका हवी तिकडे वळते, एका क्षणी डावीकडे, पुढच्या क्षणी उजवीकडे. अवजड अँटेनाची फेरी पूर्ण होण्याची वाट पाहावी लागत नाही. ज्याच्याजवळ मोजकेच सेकंद आहेत त्याला पाच सेकंदांची फेरी परवडत नाही, आणि हे चार चेहरे ते पाच सेकंद परत मिळवून देतात.

त्याचं दुसरं काम आणखी नाजूक आहे. डेकखाली ४० उभे कप्पे आहेत. नेहमीच्या मांडणीत त्यांतल्या ३२ कप्प्यांत 'एसएम-२' ही लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं असतात. उरलेल्या आठांत 'ईएसएसएम' ही लहान, चपळ क्षेपणास्त्रं एका कप्प्यात चार अशी, म्हणजे पुन्हा ३२. 'एसएम-२' पावणेपाच मीटर लांब, सातशे किलोच्या आसपास. ते सरळ वर सुटतं, मग वळतं, आणि बराचसा प्रवास जहाजाकडून येणाऱ्या सूचनांवर करतं. त्याच्या नाकात रडार आहे, पण ते फक्त ऐकणारं. शेवटच्या काही सेकंदांत जहाजानं लक्ष्यावर लहरींचा झोत टाकायचा, लक्ष्यावरून परतलेल्या लहरी क्षेपणास्त्रानं ऐकायच्या आणि त्या दिशेनं झेपावायचं. जुन्या जहाजांवर या झोतासाठी वेगळ्या तबकड्या असत, तीन किंवा चार. जेवढ्या तबकड्या तेवढीच लक्ष्यं एका वेळी. 'अपार' हा झोत तुकड्यातुकड्यांनी देतं, या लक्ष्यावर क्षणभर, मग त्या, मग तिसऱ्या, आणि मधल्या फटींत बाकीचं आकाशही पाहत राहतं. त्यामुळे एकाच वेळी हवेत असलेली ३२ क्षेपणास्त्रं ते सांभाळू शकतं, त्यांतली १६ अखेरच्या टप्प्यात.

एवढं करूनही काही निसटलंच, तर 'गोलकीपर' नावाची सात नळ्यांची ३० मिलिमीटरची तोफ आहे. मिनिटाला ४,२०० गोळ्या. तिची पाळी येते तेव्हा हिशोब दोन-चार सेकंदांवर आलेला असतो.

ही दोन्ही रडार जिथे बनतात ते हेंगेलो गाव समुद्रापासून लांब, जर्मन सरहद्दीजवळ आहे. १९२२ मध्ये तिथे नौदलाच्या दोन नव्या जहाजांसाठी तोफांची नेमयंत्रणा बनवायला एक कारखाना निघाला. त्याचाच पुढे 'सिग्नाल' झाला, आज तो 'थेल्स' कंपनीचा भाग आहे. डोलणाऱ्या जहाजावरून हलणाऱ्या विमानावर नेम कसा धरायचा, हा प्रश्न या गावानं शंभर वर्षं सोडवला आहे. मे १९४० मध्ये जर्मन फौजा घुसल्या तेव्हा जहाजाच्या हेलकाव्यांना न जुमानता स्थिर राहणारी त्यांची विमानविरोधी तोफ 'विलेम व्हान दर झान' या सुरुंगपेऱ्या जहाजावरून इंग्लंडला पोचली आणि ब्रिटिशांनी तिच्यावरून आपल्या तोफा बनवल्या. हेंगेलोची रडार आपल्याही ओळखीची आहेत. माझगाव गोदीत बांधलेल्या निलगिरी वर्गातल्या नंतरच्या फ्रिगेटांवर ती होती, आणि त्याच गोदीतून निघालेल्या कोलकाता वर्गाच्या विनाशिकांवर याच घराण्यातलं 'एलडब्ल्यू-०८' फिरताना दिसतं.

जहाजांवर एवढं सगळं लादण्याची वेळ कशी आली, हे सांगायला १९६७ मध्ये जावं लागतं. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला पोर्ट सईदजवळ इजिप्तच्या लहानशा बोटींनी रशियन 'स्टिक्स' क्षेपणास्त्रं सोडून 'एलात' ही इस्रायली विनाशिका बुडवली. ४७ खलाशी गेले. चार वर्षांनी, ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री, भारतीय नौदलाच्या 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या बोटींनी तीच क्षेपणास्त्रं कराचीसमोर वापरली. ही तारीख नौदल दिन म्हणून आपल्याकडे साजरी होते आणि ती व्हायलाच हवी. मात्र त्या रात्रीचा एक तपशील माझ्या डोक्यातून जात नाही. 'खैबर' या पाकिस्तानी विनाशिकेनं बुडण्यापूर्वी शत्रूच्या विमानानं हल्ला केल्याचा संदेश धाडला होता. अंधारातून झेपावत येणारा तो ठिपका म्हणजे काय, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. दोनशेहून अधिक माणसं त्या जहाजाबरोबर गेली. मे १९८२ मध्ये फॉकलंडच्या समुद्रात 'शेफील्ड' एका एक्झोसेट क्षेपणास्त्रानं जळाली, तेव्हा वीस माणसं गेली. ते जहाज तर हवाई संरक्षणासाठीच बांधलेलं होतं.

या साऱ्यातून जगभरच्या नौदलांनी घेतलेला धडा एकच: आधी पाहा, लवकर ठरवा, लवकर मारा. डेन हेल्डरला जहाजावर फिरताना मी हेच मनात घोळवत होतो. डेकवर माहिती सांगायला एक मध्यमवयीन अधिकारी उभे होते. मी त्यांना विचारलं, यंत्रणा इतकी वेगवान आहे, तर माणसानं काय करायचं? त्यांनी जरा विचार करून सांगितलं, "यंत्रणा सगळं करते ती मला थांबायला वेळ मिळावा म्हणून." मागे रांग होती, पुढे बोलणं झालं नाही. पण त्या वाक्यानंतर जहाज मला वेगळं दिसू लागलं.

कारण लवकर मारण्याचीही किंमत आहे. ३ जुलै १९८८ रोजी होर्मुझच्या सामुद्रधुनीत 'व्हिन्सेन्स' या अमेरिकन क्रूझरनं दोन क्षेपणास्त्रं सोडली आणि बंदर अब्बासहून दुबईला निघालेलं इराण एअरचं प्रवासी विमान पाडलं. २९० माणसं. त्यात ६६ मुलं होती, दहा भारतीय होते. जहाजाजवळ तेव्हाची जगातली सर्वोत्तम यंत्रणा होती. विमान वर चढत असल्याची नोंद त्या यंत्रणेत बरोबर झाली होती. भेदरलेल्या माणसांनी मात्र ते खाली झेपावतंय असं मोठ्यानं सांगितलं. ती क्षेपणास्त्रं 'एसएम-२' होती, डच जहाजांच्या कप्प्यांत आहेत त्याच घराण्यातली.

आणि डच माणसाला याची शिकवण इतिहासाच्या पुस्तकातून घ्यावी लागत नाही. १७ जुलै २०१४ ला अ‍ॅमस्टरडॅमहून क्वालालंपूरला निघालेलं एमएच-१७ हे प्रवासी विमान पूर्व युक्रेनवर 'बूक' क्षेपणास्त्रानं पाडलं गेलं. २९८ जण गेले, त्यांतले १९६ डच. शवपेट्यांच्या गाड्या आइंडहोव्हनच्या विमानतळावरून निघाल्या तेव्हा महामार्गावरच्या पुलांवर माणसं मुकाट उभी होती. आज स्खिपोल विमानतळाजवळ त्यांच्यासाठी २९८ झाडं लावलेली आहेत. मी तिथे गेलो आहे. झाडांपाशी नावं वाचत जाताना एकच आडनाव लागोपाठ तीनदा-चारदा येतं, आणि मग पुढे वाचवत नाही. आकाशातल्या ठिपक्याकडे बघून कुणीतरी चुकीचं ठरवलं की काय होतं, ते इथल्या जवळजवळ प्रत्येक गावाला ठाऊक आहे.

म्हणून जून २०२१ ची घटना मला या जहाजांच्या आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची वाटते. 'एव्हर्टसेन' तेव्हा ब्रिटिश विमानवाहू जहाजाच्या ताफ्यात होती आणि काळ्या समुद्रात क्रिमियाच्या आग्नेयेला चालली होती. २४ जूनला दुपारपासून संध्याकाळपर्यंत, जवळपास पाच तास, रशियन लढाऊ विमानं बॉम्ब आणि क्षेपणास्त्रं लावून तिच्या जवळून, अगदी खालून घिरट्या घालत राहिली. हल्ला करत असल्याचा आव आणत राहिली. जहाजाची इलेक्ट्रॉनिक उपकरणं विस्कळीत करण्याचेही प्रयत्न झाले. त्याच महिन्यात, स्खिपोलजवळच्या न्यायालयात एमएच-१७ च्या खटल्यात पुरावे मांडले जात होते.

त्या पाच तासांचा मी पुष्कळदा विचार करतो. जहाजाच्या आत, खिडकी नसलेल्या अंधाऱ्या खोलीत, पडद्यांसमोर वीस-पंचवीस वर्षांची मुलंमुली बसलेली असणार. विमान वळलं की प्रत्येक वेळी तोच हिशोब: अंतर, वेग, उंची, आणि आता उरलेले सेकंद. डेकखाली क्षेपणास्त्रं तयार. चाळीस वर्षांची सगळी शिकवण 'लवकर मारा' म्हणणारी. त्यांनी मारलं नाही. विमानं निघून गेली, 'एव्हर्टसेन' आपल्या वाटेनं पुढे गेली. वर्तमानपत्रांत दोन दिवस बातमी आली आणि विरली. न झालेल्या युद्धांची नोंद ठेवायची पद्धत नसते, पण मला ही नोंद ठेवावीशी वाटते. 'अपार'च्या हजारो घटकांनी, 'स्मार्ट-एल'च्या फेऱ्यांनी मिळवलेला वेळ त्या मुलांनी खर्च केला तो न मारण्यावर. त्या अधिकाऱ्यांचं वाक्य मला तेव्हा नीट कळलं.

यंत्र मात्र कायम साथ देईलच असं नाही. 'अपार' बसवलेल्या जर्मन आणि डॅनिश फ्रिगेटही आहेत, आणि २०२४ च्या आरंभी येमेनच्या हूथी बंडखोरांच्या हल्ल्यांपासून व्यापारी जहाजं वाचवायला त्या लाल समुद्रात गेल्या. फेब्रुवारीत जर्मन 'हेसेन'नं ओळख न पटलेल्या एका ड्रोनवर दोन 'एसएम-२' सोडली. ड्रोन अमेरिकेचं, म्हणजे मित्राचंच होतं. ते वाचलं, कारण दोन्ही क्षेपणास्त्रं तांत्रिक बिघाडानं समुद्रात पडली. मार्चमध्ये डॅनिश 'इव्हर ह्विटफेल्ड'नं चार ड्रोन पाडले, पण त्या झुंजीत रडार आणि क्षेपणास्त्र यांची सांगड तुटली आणि अर्धा तास 'ईएसएसएम' सुटेचना. ही गोष्ट संरक्षणमंत्र्यांपर्यंत वेळेवर पोचवली गेली नाही म्हणून डेन्मार्कच्या सेनाप्रमुखांना पद सोडावं लागलं. या बातम्या वाचून मला भीती वाटली आणि आदरही वाटला. भीती अशासाठी की पावणेदोन मिनिटांसमोर अर्धा तास म्हणजे अनंतकाळ. आदर अशासाठी की दोन्ही देशांत ही लाजिरवाणी गोष्ट जाहीर झाली, तिच्यावर चर्चा झाली.

जहाजांच्या नावांबद्दलही लिहायला हवं. एव्हर्टसेन घराण्यातले दोन सख्खे भाऊ, कॉर्नेलिस आणि योहान, १६६६ च्या एकाच उन्हाळ्यात इंग्रजांशी लढताना पडले. 'दे झेव्हेन प्रोव्हिन्सिएन', म्हणजे सात प्रांत, हे दे राउटरच्या ८० तोफांच्या ध्वजनौकेचं नाव. १६६७ मध्ये डच आरमार इंग्लंडच्या मेडवे नदीत शिरलं आणि इंग्रजांची ध्वजनौका ओढून घेऊन आलं. तिच्या पाठीवरचं कोरीवकाम आजही अ‍ॅमस्टरडॅमच्या रैक्सम्युझियममध्ये आहे. या गोष्टी इथली मुलं शाळेत शिकतात. पण याच नावाचं एक जहाज १९३३ मध्ये सुमात्राच्या किनाऱ्यावर होतं. पगारकपातीमुळे चिडलेल्या इंडोनेशियन आणि डच खलाशांनी ते ताब्यात घेतलं. सहा दिवस पाठलाग झाला आणि १० फेब्रुवारीला डच नौदलाच्याच विमानानं त्यावर बॉम्ब टाकला. २३ खलाशी मेले. आज ते नाव मिरवणारं जहाज आकाशातून येणाऱ्या घाताला अडवण्यासाठी बांधलेलं आहे. मेडवेची गोष्ट जितक्या अभिमानानं सांगितली जाते तितक्याच मोठ्या आवाजात ही तेवीस जणांची गोष्टही या जहाजावर सांगितली जावी, असं मला मनापासून वाटतं.

आता ही जहाजं म्हातारी होत चालली आहेत. त्यांच्या जागी नवी हवाई संरक्षण फ्रिगेट यायला २०३६ उजाडेल असं ठरलं आहे, तोवर यांनाच निभवायचंय. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यापासून त्यांच्याकडून मागणं वाढलं आहे. मार्च २०२५ मध्ये 'दे राउटर'नं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यासमोर चाचणी म्हणून एक टॉमाहॉक सोडलं. जमिनीवरचं लक्ष्य दीड हजार किलोमीटरहून दूर असलं तरी गाठणारं हे क्षेपणास्त्र आहे, आणि ते त्याच उभ्या कप्प्यांत बसतं. डच सरकारची बाजू मला समजते. शेजारी धाक दाखवत असेल, तर नुसती ढाल पुरत नाही, असं म्हणणाऱ्यांना मी भित्रा किंवा युद्धखोर म्हणणार नाही.

तरीही मला हा बदल खटकतो. एका कप्प्यात टॉमाहॉक बसलं की तिथलं एक 'एसएम-२' किंवा चार 'ईएसएसएम' कमी होतात, आणि हे कप्पे भर समुद्रात पुन्हा भरता येत नाहीत, त्यासाठी बंदरच गाठावं लागतं. म्हणजे ज्यांच्या रक्षणासाठी जहाज चाललंय त्या मालवाहू जहाजांचा आणि विमानवाहू जहाजाचा वाटा तेवढा घटतो. बांधतानाच आणखी आठ कप्प्यांची जागा राखून ठेवली होती, ती इतकी वर्षं रिकामी आहे. टॉमाहॉक घ्यायचीच असतील तर आधी ते आठ कप्पे बसवा आणि संरक्षणाच्या चाळिसांना हात लावू नका, एवढं मी डच नागरिक असतो तर माझ्या खासदाराला लिहून कळवलं असतं.